नेरहून मुंबई-गोवा क्रूझ: आठ जण, त्यात आजी-आबाजी. कसं जमवावं?

पऱ्हाटी_पाऊस

नमस्कार मंडळी. नेर तालुक्यातून (जि. यवतमाळ) आठ जणांचं क्रूझचं घाटते आहे. आबाजी ७६, आजी ७१, आम्ही दोघं, भाऊ-वहिनी आणि पोरं दोन, १२ आणि ९ वर्षांची. पासपोर्ट फक्त भाऊ-वहिनीजवळ आहे.

वेचणी आटोपून तूर-चना घरात येईपर्यंत कोणी हलू शकत नाही, मग पोरांची परीक्षा. म्हणजे उरला मे महिना. मुंबई-गोवा घ्यावं, लक्षद्वीप घ्यावं, का पासपोर्ट काढून सरळ सिंगापूर? आजीला एसटीतच गाडी लागते, तिचं जहाजावर कसं होईल? एजंट म्हणते दोन केबिनमध्ये आठ जण आरामात मावतात, ते खरं का? आणि जाहिरातीत माणशी जो भाव राहते, त्याच्यावर अजून काय काय लागते?

---

डेकचा_नकाशा

आधी महिना ठरवा, बाकी त्याच्या मागून येते.

मुंबईहून क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जहाज चेन्नईकडे हलवतात. सगळ्यात शांत पाणी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. ते तुम्हाला जमत नसेल तर परीक्षा संपल्याबरोबर, एप्रिलचा शेवटचा किंवा मेचा पहिला आठवडा घ्या. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात म्हणून मेअखेर मोकळी दिसते, पण त्या मोहात पडू नका. मेच्या मध्यापासून लाटा वाढतात आणि चक्रीवादळाचा काळही तोच. तौक्ते वादळ मुंबईसमोरून गेलं ते मे २०२१ च्या मध्यात.

मार्ग: पहिल्या वेळेला मुंबई-गोवा-मुंबई. समुद्रातून हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर, आणि जहाज तासाला २८-३० किलोमीटरने चालते. म्हणजे संध्याकाळी निघालं की सकाळी गोवा. आजीला त्रास झालाच तर एका रात्रीचा प्रश्न. गोव्यात जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागते, जिन्यासारख्या पुलावरून चालत उतरता येते.

लक्षद्वीप या वेळी नको, आणि कारण आबाजींचे गुडघे. तिथे एवढ्या मोठ्या जहाजाला धक्का नाही. जहाज खोल पाण्यात थांबते आणि माणसं लहान बोटीतून बेटावर नेतात. जहाजाच्या खालच्या दारातून हलत्या बोटीत पाय टाकायचा, बोट एका क्षणी पायरीच्या बरोबरीला तर दुसऱ्या क्षणी हातभर खाली. दोन्हीकडे खलाशी दंड धरायला उभे राहतात, तरी गुडघा वाकत नसेल तर ते काम नाही. शिवाय वारा वाढला की कॅप्टन बोटी सोडतच नाही. बेटाचा प्रवेश परवाना तयार असला तरी बेट लांबूनच पाहावं लागते.

आता केबिन. चौघांच्या केबिनमध्ये दोन पलंग खाली आणि दोन बर्थ वरून उघडणारे, शिडीने चढायचे. रेल्वेचा अप्पर बर्थ समजा, फक्त गादी बरी. साध्या आतल्या केबिनचं क्षेत्रफळ १५० चौरस फुटांच्या आसपास आणि त्यातच संडास-बाथरूम. म्हणजे एजंटचं "मावतात" खरं, "आरामात" खोटं. तुमची मांडणी अशी करा: तुम्ही दोघं आणि पोरं चौघांच्या केबिनमध्ये (वर पोरं, त्यांना तर तेच पाहिजे असते), भाऊ-वहिनी एकीत, आजी-आबाजी एकीत. एकूण तीन. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं पहिल्या दोघांपेक्षा कमी असते, म्हणून दोनऐवजी तीन केबिन घेतल्या की हिशेब वाढतो, पण आराम त्यातच आहे. आजी-आबाजींच्या केबिनसाठी बुकिंगच्या वेळीच "पलंग वेगवेगळे" असं लिहून घ्या. आयत्या वेळी सांगितलं तर जोडलेला पलंग भेटते.

केबिनची जागा भावापेक्षा महत्त्वाची. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. जहाज पुढं-मागं झुलते तेव्हा मधला भाग सगळ्यात कमी हलतो, जसं एसटीत मधल्या सीटवर धक्का कमी आणि मागच्या चाकावर जास्त. म्हणून लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. मग तुमच्या नंबरच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. वर दुसऱ्या केबिन असल्या तर उत्तम. वर पोहण्याचा तलाव असला तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली नाचगाण्याचा हॉल असला तर रात्री एकपर्यंत ठोके. एजंट "नंबर नंतर भेटते" म्हणाला तर त्याचा अर्थ उरलेली केबिन भेटते.

आणि बाल्कनीसाठी हट्ट नको. मुंबईहून फिरणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे १९९० च्या बांधणीचं जहाज आहे, त्या काळात बाल्कन्या मोजक्याच ठेवत. ते पैसे तिसऱ्या केबिनमध्ये घाला.

---

सुंठ_साखर

आजींच्या प्रश्नावर लिहिते.

गाडी लागते त्या माणसाला बोट लागेलच असं नाही, पण तयारी त्याच हिशेबाने ठेवायची. बोट लागते ती डोळे आणि कान यांची गोष्ट जुळत नाही म्हणून. डोळ्याला खोली स्थिर दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हलते आहे. म्हणूनच केबिनमध्ये पडून मोबाइल पाहणं सगळ्यात वाईट. मळमळायला लागलं की मधल्या भागातल्या उघड्या डेकवर न्या, खुर्चीत बसवा आणि पाणी-आकाश मिळते त्या रेषेकडे पाहायला सांगा.

गोळीची चूक सगळेच करतात: उलटी झाल्यावर देतात. तेव्हा ती पोटात टिकतच नाही. ॲव्होमिनसारखी गोळी (औषध प्रोमेथाझिन, २५ मिलिग्रॅम) निघायच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते. तिने झोप येते, तोंड कोरडं पडते. आबाजींना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल, किंवा दोघांपैकी कोणी झोपेची गोळी घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. पोरांचा डोस वजनावर ठरतो, तोही डॉक्टरांकडूनच. एक काम करा: आठवडाभर आधी घरीच, नेर-यवतमाळ एसटीच्या फेरीला आजींना डॉक्टरांच्या सल्ल्याने ती देऊन पाहा. गुंगी किती येते ते गावातच कळते.

पोट रिकामं ठेवू नका, "काही खाल्लं नाही तर उलटी होणार नाही" हा गैरसमज. कोरडं आणि थोडं थोडं: मुरमुरे, फुटाणे, टोस्ट. सुंठ-गुळाची गोळी किंवा आलेपाक बऱ्याच जणांना खरंच उपयोगी पडते. तळलेलं आणि तर्रीचं पहिल्या रात्री नको.

बाथरूमच्या दाराला चांगला उंच उंबरठा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री अंधारात तिथेच ठेच लागते. आतल्या केबिनला खिडकी नसते, दिवा बंद केला की दुपारी बारालाही अमावस्या. म्हणून बाथरूमचा दिवा लावून दार फटीएवढं उघडं ठेवा. दुसरं, संडास हवेच्या ओढीवर चालतो. झाकण लावून बटण दाबायचं, आवाज मोठा होतो, आजींना आधीच सांगून ठेवा. त्यात कागदाव्यतिरिक्त काही टाकलं तर तुमचा एकट्याचा नाही, एका ओळीतल्या कितीतरी केबिनचा तुंबतो.

आणि शाल घ्या, भर उन्हाळ्यातसुद्धा! आपण ४४ अंशांतून निघतो, तिथे एसी कडक. तिसऱ्या दिवशी घसा धरलेली म्हातारी माणसं हमखास दिसतात.

औषधं नेहमीच्या हिशेबापेक्षा तीन दिवसांची जास्त, आणि सगळी हातातल्या पिशवीत. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल खासगी दवाखान्यालाही मागे टाकते.

---

बडनेरा_जंक्शन

बाकीचं वरच्यांनी सांगतलं, मी फक्त नेरपासून जहाजाच्या दारापर्यंत सांगतो. अर्धे लोक तिथंच फसतात.

गाडी बडनेऱ्याहून पकडा. विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावती-मुंबई, दोन्ही रात्रभर चालून सकाळी सीएसएमटीले लावतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांचं राहिलं नाही. सकाळी ८ ले बसा. एका तिकिटावर सहाच जण बसतात, पण त्यात आबाजी-आजीले टाकू नका! खालच्या बर्थचा जो म्हाताऱ्यांचा कोटा राहते तो तिकिटावर एक किंवा दोनच जण असले तर लागू होते. म्हणून आबाजी-आजीचं दोघांचं वेगळं तिकीट, त्या कोट्यातून. बाकी सहा जणांचं दुसरं.

आता मोठी गोष्ट. जहाज ज्या दिवशी निघते त्याच सकाळी पोहोचणारी गाडी घेऊ नका. आदल्या दिवशी पोहोचा, एक रात्र मुंबईत काढा. कसारा घाटात काही अडलं, कुठं ब्लॉक असला, तर गाडी चार-पाच तास सहज मागं पडते, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. सुटलं त सगळे पैसे बुडाले. आठ जणांच्या खोलीचं भाडं त्याच्यापुढं काहीच नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईचं विमान आहे, पण ते रोज नाही आणि विमान लहान, आठ सीट एकदम भेटतील याच्या भरवशावर राहू नका.

कागद: बुकिंगवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरा-अक्षरानं जुळलं पाहिजे. आपल्याकडं म्हाताऱ्या बायांचं लई घोळ राहते. आधारवर गंगूबाई, मतदान कार्डावर गंगाबाई, आणि एजंट तिसरंच लिहिते. बुकिंग करायच्या आधी आठही आधार समोर घेऊन बसा. आधारवरच चुकलं असंल त नेरच्या केंद्रात दुरुस्त करा, पण नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते हे ध्यानात ठेवा. बुकिंगचं नाव आधारसारखं करणं कधीही सोपं.

निघायच्या आधी कंपनीच्या साइटवर वेब चेक-इन करा, बोर्डिंग पास आणि सामानाचे टॅग कागदावर छापून घ्या, तालुक्यातच. टॅग स्टेपल करून वर पारदर्शक टेप मारा. मोठ्या बॅगा टर्मिनलवर घेतात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दारात आणून ठेवतात. तोपर्यंत अंगावरचे कपडे आणि हातातली पिशवी एवढंच. एक जोड कपडे हातात ठेवजा.

सीएसएमटीहून बॅलार्ड पियर, म्हणजे जहाज सुटते तो धक्का, दीड-दोन किलोमीटर. टॅक्सीत चौघं आणि त्यांचं सामान, म्हणजे दोन टॅक्स्या, बॅगा मोठ्या असल्या त तीन.

---

पऱ्हाटी_पाऊस

बाप्पा, एवढं कोणी सांगतलं नव्हतं. तीन केबिन पक्क्या, एप्रिलअखेर पक्की. अजून थोडं: आजी घरून धपाटे, ठेचा न्यायचं म्हणते. आबाजीचं तंबाखूच्या खर्र्याशिवाय चालत नाही. आणि घरी बैल-गाईपाशी गडी राहीन, त्याच्याशी फोनवर बोलता येईल का?

---

डेकचा_नकाशा

धपाटे-ठेचा गाडीत संपवा. घरचं शिजवलेलं जहाजावर नेऊ देत नाहीत, पोटाची साथ पसरू नये म्हणून. कारखान्यातून बंद पाकिटात आलेला कोरडा खाऊ सहसा चालतो. उपाशी कोणी राहत नाही. शाकाहारी आणि जैनसुद्धा भेटते, फक्त चव मिळमिळीत वाटेल. बंद पाकिटातली जवसाची चटणी ठेवा. जेवायच्या आधी हात साबणाने धुवा, नुसतं सॅनिटायझर नको. नोरोव्हायरस नावाचा उलटी-जुलाबाचा विषाणू जहाजांवर पसरतो आणि सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही.

खर्रा नाही म्हणजे नाही. थुंकायला जागाच नाही, आणि तपासणीत पन्नी निघाली की ती टोपलीत जाते. आबाजींना महिनाभर आधीपासून कमी करायला लावा. एकदम बंद केलं तर डोकं दुखते, चिडचिड होते, आणि मग जहाजाला दोष लावतात.

फोन: किनारा सुटल्यावर तास-दोन तासांत आपलं नेटवर्क जाते. मग फोनला कधी कधी जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क दिसते. त्यावर आलेला फोनसुद्धा महाग रोमिंगमध्ये मोजला जातो. म्हणून जहाज हललं की सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर, पोरांचे आधी. वायफाय विकत भेटते, गरज असली तर एकाच फोनवर घ्या. गड्याला सांगा: निघायच्या दिवशी दुपारी चारला आणि दुसऱ्या दिवशी गोव्यातून सकाळी दहाला फोन येईन.

पैशाचं: जाहिरातीतला भाव एका केबिनमध्ये दोघं धरून एका माणसाचा असतो. त्यावर बंदर शुल्क, सेवकांची बक्षिसी (ग्रॅच्युइटी) आणि जीएसटी. म्हणून भाव विचारताना एकच वाक्य: "आठ जणांचे, तीन केबिनचे, सगळे कर धरून किती, आणि त्याच्यावर जहाजावर सक्तीचं काय?" हे व्हॉट्सॲपवर लिहून मागा. जहाजावर रोख चालत नाही, केबिनचं कार्डच पाकीट. पोरांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी काउंटरवर बंद करून घ्या, नाहीतर व्हिडिओ गेमचं बिल शेवटच्या सकाळी कळते. कोल्ड्रिंक, दारू, बंद बाटल्या, गोव्याची बससहल हे सगळं वेगळं.

एजंटला पैसे दिले की कंपनीचा बुकिंग नंबर मागा आणि स्वतः कंपनीला फोन करून नाव विचारा. हॉटेलात बोलावून "लकी ड्रॉमध्ये क्रूझ फुकट" सांगणारे क्लबचं सभासदत्व विकतात, तिथे सही करू नका. कोणी फसवलंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

---

लाटेवरचा_चष्मा

सिंगापूरचं कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. सहा पासपोर्ट लागतील. साधा ३६ पानांचा मोठ्यांचा १,५०० रुपये, १८ खालच्या पोरांचा १,०००, आणि ६० वरच्यांना १० टक्के सूट. तुमचे सहा मिळून ७,७०० रुपये. पुढच्या वर्षासाठी आताच काढून ठेवा, मोठ्यांचा दहा वर्षं चालतो. प्रवासाच्या तारखेला किमान सहा महिने शिल्लक पाहिजे. व्हिसा मात्र जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना ते पाहा, कारण जहाज सिंगापूर सोडून परत तिथेच येते, म्हणजे प्रवेश दोन. आणि खर्रा, चघळायचा तंबाखू तिथे देशातच आणायला बंदी आहे, नुसती जहाजापुरती नाही.

आता मजेचं, कारण वरचं वाचून कोणालाही वाटेल की क्रूझ म्हणजे परीक्षा.

निघताना जहाजाच्या उजव्या बाजूला उभे राहा. बंदरातून दक्षिणेकडे जाताना मुंबई उजवीकडे राहते: गेटवे, ताज, मग कुलाबा आणि टोकाला प्राँग्सचं दीपगृह. सूर्यही त्याच बाजूला बुडतो. बहुतेक लोक तेव्हा वरच्या मजल्यावर गाण्याजवळ गर्दी करतात. तुम्ही मधल्या डेकवरची कठड्याची जागा धरा, म्हाताऱ्यांना खुर्ची भेटते. थोड्या वेळाने एक लहान बोट जहाजाला चिकटून चालते आणि जहाजाच्या पोटातून एक माणूस दोरीच्या शिडीने तिच्यात उतरतो. तो बंदराचा पायलट, जहाजाला बंदराबाहेरची वाट दाखवून परत जाणारा. दोन्ही बोटी चालत्याच असतात. पोरांना डिस्कोपेक्षा ते दाखवा. परतीच्या फेरीत किनारा उजवीकडे, पण मावळतीचा सूर्य डावीकडे.

त्याआधी संकटकाळची कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, तो सगळ्यांनी जमायचा इशारा. जमायची जागा कार्डावर आणि केबिनच्या दारामागे लिहिलेली असते. इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जानेवारी २०१२ मध्ये खडकाला लागून ३२ माणसं गेली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येकांची कवायत झालीच नव्हती. २०१५ पासून नियम असा की जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यायचीच. आबाजींना घेऊन एकदा त्या जागेपर्यंत चालून पाहा, लिफ्ट न वापरता. आगीत लिफ्ट बंद असतात.

बॅगेत उदबत्ती, कापूर, दिवा, इस्त्री, पाणी तापवायची रॉड नको, सगळं आगीच्या भीतीने काढून घेतात. बरेच सॉकेट दोन गोल पिनांचे असतात, आपली जाड तीन पिनांची जात नाही, म्हणून एक साधा ॲडॉप्टर ठेवा. सर्ज प्रोटेक्टर लावलेला एक्स्टेन्शन बोर्डही चालत नाही, जहाजाची वायरिंग घरासारखी अर्थिंगची नसते आणि तो तापून पेटू शकतो.

गोव्यात उतरलात की घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि परत यायच्या वेळेच्या दोन तास आधी मुरगावकडे निघा. पणजी तिथून ३० किलोमीटरच्या आसपास, रस्त्यात अडकलं की अडकलं. आठ जणांत आजी-आबाजी असताना पणजी आणि कळंगुट दोन्ही नको. वास्कोजवळचा एखादा किनारा आणि जेवण, एवढं पुरे.

---

पऱ्हाटी_पाऊस

आबाजीले सात भोंगे-एक भोंगा पाठ करायला लावलं. परतीची गाडी कोणती घेऊ? सेवाग्राम दुपारची आहे.

---

बडनेरा_जंक्शन

सेवाग्राम नको, संध्याकाळची विदर्भ घ्या. जहाज सकाळी लागते, पण उतरायची पाळी मजल्यावार येते, मग सामान शोधा, मग टॅक्सी. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येते, प्रत्येक बॅगेले कुलूप असलं तरच घेतात, आणि तिकीट दाखवा लागते.

आणखी एक. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायले सांगतात, त्या थेट धक्क्यावर भेटतात. सगळे कपडे भरून बॅग बाहेर ठेवली आणि सकाळी टॉवेलवर बसून राहिला, असा एखादा माणूस दर फेरीले राहते. आबाजीचं धोतर, टोपी आणि चपला रात्रीच वेगळ्या काढून खुर्चीवर ठेवजा.